हयात मुले : तीन

"इसका नाम भी लिखो ना, टीचर."

पंधरा वर्षं झाली, पण हे वाक्य मधूनच कानात वाजतं. फेब्रुवारी २०११. उल्हासनगर, कॅम्प नंबर चार, एका बॅरॅकमधली दोन खोल्यांची जागा. मी तेव्हा शाळेत गणित शिकवायचे आणि त्या वर्षीच्या जनगणनेत प्रगणक होते, म्हणजे घरोघर जाऊन माणसं मोजणारी. मांडीवर परीक्षेचं पॅड, त्यावर कुटुंब अनुसूचीचा, म्हणजे घरातल्या माणसांची माहिती भरायचा, तो लांबरुंद कागद. घडी घालायची नाही आणि चौकटीबाहेर अक्षर जाऊ द्यायचं नाही, कारण पुढे हे सगळं मशीन वाचणार, असं प्रशिक्षणात दहादा बजावलेलं. समोर खाटेवर शहात्तर वर्षांच्या अम्मा. सून आत पापड भाजत होती. सिंध्यांच्या घरी पाण्याबरोबर पापड येतोच, त्या पंधरा दिवसांत मी किती पापड खाल्ले असतील याचा हिशेब नाही. आत गॅसवर पापड फुलत होता, त्याचा मिरीचा खरपूस वास बाहेरच्या खोलीत भरला होता आणि अम्मा घरातली माणसं सांगत होत्या, थोरल्यापासून. पहिलं नाव थोरल्या मुलाचं. मी पेन टेकवणार तेवढ्यात भिंतीवरच्या फोटोकडे लक्ष गेलं: कापडाच्या गठ्ठ्यांपुढे उभा असलेला, पांढऱ्या शर्टातला, टक्कल पडू लागलेला माणूस. "ते इथेच राहतात ना?" मी विचारलं. "नहीं, दुबई में. दिवाली में आता है."

मी पेन उचललं. नियम स्पष्ट होता. ९ ते २८ फेब्रुवारी या काळात जो घरी नाही आणि येणारही नाही, त्याला मोजायचं नाही. मी तो नियम त्यांना माझ्या मराठी वळणाच्या हिंदीत समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग ते वाक्य म्हणाल्या. इसका नाम भी लिखो ना. मी पुन्हा नियम सांगितला. त्यांनी मान हलवली, पण ती होकाराची नव्हती.

मग धाकटा मुलगा, सून, दोन नातवंडं, स्वतः अम्मा, अशी नावं भरली. शेवटी शेवटी जन्मस्थानाचा प्रश्न आला. अम्मा म्हणाल्या, "शिकारपूर." मला ऐकू आलं शिक्रापूर. नगर रस्त्यावरचं, पुणे जिल्ह्यातलं. माझी एक मामी तिथली. मी आनंदाने म्हटलं, अरे, तुम्ही तर आमच्या बाजूच्या! आणि जिल्ह्याच्या जागी 'पुणे' लिहायला निघाले. अम्मा घाईघाईने म्हणाल्या, "नहीं नहीं बेटी, शिकारपूर. सिंध." परदेशात जन्म असेल तर गाव-जिल्हा काही लिहायचं नसतं, फक्त देशाचं आजचं नाव. मी लिहिलं, पाकिस्तान. त्यांनी विचारलं काय लिहिलंस, मी वाचून दाखवलं. त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, मी जन्मले तेव्हा पाकिस्तान कुठे होतं? आणि मग, भिंतीवरच्या फोटोकडे हात करून, अगदी हळू: "मेरा जनम तुमने परदेस लिख दिया. जो सच में परदेस में बैठा है, उसको लिखती नहीं."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पुढचा प्रश्न विचारला.

पुढचा प्रश्न होता, याआधी कुठे राहत होता. अम्मांचं कुटुंब शिकारपूरहून कराचीला आलं, तिथून आगबोटीने मुंबईला, आणि मुंबईहून देवळालीच्या छावणीत. आगबोटीचं त्यांना एवढंच आठवत होतं की डेकवर सगळ्यांना उलट्या होत होत्या आणि त्यांच्या आजीने शिकारपुरी लोणच्याची बरणी तीन दिवस मांडीवरून खाली ठेवली नव्हती. शिकारपूरचा ढक बाजार, वरून झाकलेला, भर उन्हाळ्यात आत गारवा, हे सांगताना त्यांचा आवाज बदलला. देवळालीत काही वर्षं काढली, मग लग्न झालं आणि त्या उल्हासनगरला आल्या. तेव्हा 'आधीचे राहण्याचे ठिकाण' या रकान्यात मी लिहिलं: देवळाली, जिल्हा नाशिक. स्थलांतराचं कारण: विवाह. नियमाप्रमाणे हे अगदी बरोबर होतं. संध्याकाळी घरी कागद तपासताना मात्र मी त्या दोन ओळींवर अडून बसले. एका रकान्यात ही बाई परदेशातून आलेली होती, दुसऱ्या रकान्यात नाशिक जिल्ह्यातून सासरी आलेली. म्हणजे माझ्यासारखीच. मी जुन्नरहून कल्याणला लग्न करून आले, माझ्याही अनुसूचीत कारण 'विवाह'च. फाळणी, आगबोट, छावणी, सगळं त्या एका शब्दाखाली गेलं होतं. कारणांच्या यादीत रोजगार होता, व्यवसाय, शिक्षण, विवाह, जन्मानंतर, कुटुंबासह आणि इतर. पळून यावं लागलं, याला वेगळा आकडा नव्हता.

हा फरक माझ्या एकटीच्या कागदापुरता नव्हता, हे मला निवृत्तीनंतर कळलं. वेळ होता, आणि गणिताची खोड जात नाही, म्हणून मी जनगणनेचे तक्ते वाचायला लागले. २००१ मध्ये जन्मस्थानाप्रमाणे भारताबाहेर जन्मलेले लोक सुमारे ६१ लाख होते. आधीच्या निवासाप्रमाणे बाहेरून आलेले सुमारे ५१ लाख. मधल्या दहा लाखांच्या फरकात अम्मांसारख्या कितीतरी जणी असणार, ज्या सीमा ओलांडून आल्या आणि मग देशातल्या देशात आणखी एकदा हलल्या. दुसऱ्या प्रवासाने पहिला पुसला. म्हणूनच जगभर जनगणनेत जन्मदेश विचारण्यावर एवढा भर असतो. माणूस नंतर कितीही हलला तरी जन्माची जागा हलत नाही. पण त्या जागेवरचं नाव बदलू शकतं, आणि मग घरात बसलेली मुलगी एका रात्रीत परदेशात जन्मलेली ठरते. असा माणूसही आंतरराष्ट्रीय स्थलांतरितांच्या आकड्यात येतो.

१९५१ ला मात्र वेगळं विचारलं होतं. स्वतंत्र भारताच्या त्या पहिल्या जनगणनेत निर्वासितांसाठी खास प्रश्न होता: भारतात कोणत्या तारखेला आलात आणि पाकिस्तानातला मूळ जिल्हा कोणता. देशभरात ७० लाखांहून जास्त माणसांनी त्याचं उत्तर दिलं. तेव्हा सोळा वर्षांच्या असलेल्या अम्मांनी, किंवा त्यांच्या वतीने त्यांच्या वडिलांनी, देवळालीच्या छावणीत कुणा प्रगणकाला सांगितलं असेल: सक्कर. कारण शिकारपूर तेव्हा सक्कर जिल्ह्यात होतं. तारीखही सांगितली असेल. ती चिठ्ठी भरणारा माझ्यासारखाच एखादा मास्तर असेल. त्याच्या कागदावर अम्मा माझ्यापेक्षा जास्त पूर्ण उतरल्या असतील, असं मला वाटतं आणि थोडा हेवा वाटतो.

आणखी एक गोष्ट त्या आकड्यांत दिसली आणि मी त्या दिवशी लॅपटॉप मिटून ठेवला. भारतात राहणाऱ्या परदेशजन्म लोकांची संख्या सतत घटते आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजात १९९० मध्ये ती सुमारे ७५ लाख होती, २०२० मध्ये ५० लाखांच्या आत. वर्गात मी असा उतरता आलेख दाखवला असता तर मुलांनी सांगितलं असतं, बाई, लोक परत जायला लागले, किंवा येणं थांबलं. खरं कारण बरंचसं असं आहे की फाळणीत आलेली माणसं एकेक करून जात आहेत. कराचीत, लाहोरात, ढाक्यात जन्मलेले आजी-आजोबा. एक म्हातारं माणूस इथल्या स्मशानात जातं आणि आंतरराष्ट्रीय स्थलांतरितांच्या आकड्यातून एक वजा होतो. उल्हासनगरच्या ज्या बॅरॅकमध्ये मी फिरले त्यांतल्या किती अम्मा आता त्या वजाबाकीत गेल्या असतील.

ही झाली आलेल्यांची गोष्ट. आलेल्या माणसाला मोजणं त्या मानाने सोपं, तो दार उघडतो. गेलेल्याचं काय? एखादं कुटुंबच्या कुटुंब निघून गेलं तर दाराला कुलूप असतं, आणि कुलपाला प्रश्न विचारता येत नाहीत. मला मोजायला दिलेल्या गटात अशी कितीतरी घरं होती. शेजारी सांगायचे, ते लोक हाँगकाँगला गेले, ते लागोसला, सिंधी लोकांची पूर्वापार व्यापाराची ठिकाणं. मी 'कुलूपबंद' नोंदवून पुढे जायची. म्हणून कुठल्याही देशाला आपली किती माणसं बाहेर आहेत हे स्वतःच्या जनगणनेतून नीट कळत नाही, ते दुसऱ्यांच्या जनगणनेतून गोळा करावं लागतं. तिथे किती जणांनी जन्मदेश भारत सांगितला, ते पाहायचं. आपलं माणूस शोधायला दुसऱ्याच्या वहीत डोकवायचं.

आणि दुसऱ्याकडे वहीच नसेल तर? अमिरातीत घरोघर जाणारी शेवटची देशव्यापी जनगणना २००५ ला झाली होती. २०११ च्या फेब्रुवारीत अम्मांचा थोरला मुलगा इथल्या कागदावर नव्हता आणि तिथे तसा कागदच निघालेला नव्हता.

त्याच आठवड्यात, त्याच गल्लीच्या टोकाला, मी एका नेपाळी वॉचमनची नोंद केली होती. वयाने तिशीचा, बिल्डिंगच्या जिन्याखालच्या खोलीत राहणारा, स्टोव्हवर भात शिजत ठेवलेला. जन्मस्थान: नेपाळ. कारण: रोजगार. तो अगदी सोपा कागद होता, पाच मिनिटांत झाला. त्याच वर्षी जूनमध्ये नेपाळची जनगणना झाली. तिथे प्रगणक घरच्यांना विचारतात की या घरातलं कुणी परदेशात आहे का, कुठे आहे, कशासाठी गेलं. २०११ ला तिथल्या घरांनी सांगितलेली ही 'अनुपस्थित' माणसं १९ लाखांहून जास्त होती, २०२१ ला २१ लाखांहून जास्त. म्हणजे डोंगरातल्या एखाद्या गावात त्याच्या बायकोने त्याचं नाव सांगितलं असेल आणि कुणीतरी ते लिहूनही घेतलं असेल. दोन्हीकडे त्याची नोंद. ज्या देशातून इतकी माणसं बाहेर पडतात त्या देशाने आपल्या कागदावर त्यांच्यासाठी जागा ठेवली. मला ते मोठं वाटतं. केरळमध्येही १९९८ पासून दर काही वर्षांनी नमुना पाहणी करून घरोघर हेच विचारतात, तुमचं कोण आखातात आहे. पण ती पाहणी आहे, निवडक घरांची. जनगणना प्रत्येक दारात जाते आणि नेमकं हे विचारत नाही.

मला नियम पटत नाही असं नाही. गणिताच्या शिक्षिकेला तो पटलाच पाहिजे. प्रत्येक आईने दूर गेलेल्या मुलाचं नाव घातलं असतं, तर अहमदाबादला दिलेली अम्मांची मुलगीही दोनदा मोजली गेली असती, पुण्याच्या वसतिगृहातला पोरगा दोनदा, मुंबईत भाड्याने राहणारा भाऊ दोनदा. बेरीज कोसळली असती. एक माणूस, एक जागा, एकदा. हे मला कळतं. आणि तरीही त्या दुपारी मी पेन उचललं तेव्हा माझ्या हातून काहीतरी खोडलं गेल्यासारखं वाटलं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि इतक्या वर्षांत त्या एकमेकींत मिसळल्या नाहीत.

माझी मुलगी २०१३ मध्ये मेलबर्नला गेली. एकुलती. निघताना विमानतळावर ती रडली, मी नाही. घरी येऊन तिची चादर धुवायला टाकताना मला रडू आलं. १० ऑगस्ट २०२१ ला ऑस्ट्रेलियाची जनगणना होती आणि तेव्हा मेलबर्नमध्ये लॉकडाऊन होता. तिकडे रात्रीचे आठ, इकडे दुपारचे साडेतीन. ती व्हिडिओ कॉलवर मला दाखवत दाखवत फॉर्म भरत होती, कारण मी पूर्वी हे काम केलंय हे तिला ठाऊक होतं. मागे नात जेवणाच्या टेबलाखाली शिरून भाताचे दाणे सांडत होती. जन्मदेश: भारत. इथे राहायला पहिल्यांदा कोणत्या वर्षी आलात: २०१३. घरी कोणती भाषा बोलता. तिने 'मराठी' निवडलं आणि नातीला विचारलं, काय गं, आपण काय बोलतो? नात म्हणाली, आजीचं. त्या जनगणनेत भारतात जन्मलेले ६,७३,३५२ लोक निघाले. इंग्लंडनंतर तिथल्या परदेशजन्मांमध्ये भारताचा नंबर लागला, त्याच्या बातम्या आल्या. शेवटचा तो दोन कुणाचा तरी असणारच, आणि मी मनाशी धरून ठेवलंय की त्यातला एक आमचा.

मग त्या फॉर्ममध्ये आईवडिलांच्या जन्माबद्दल प्रश्न आला. तिने माझ्यासाठी उत्तर भरलं आणि हसत म्हणाली, "आई, बघ, आलीस तू फॉर्मवर." जुन्नरला जन्मले, कल्याणला आले, महाराष्ट्राबाहेर चार दिवस कधी राहिले असेन तर ते यात्रेला. आणि दूरच्या एका देशाच्या मोजणीत मी परदेशात जन्मलेली आई झाले. मला त्या क्षणी अम्मांचा तो गप्प झालेला चेहरा आठवला. मी मुलीला काही बोलले नाही. तिला वाटलं नेटवर्क गेलं.

गेलेल्यांना मोजण्याची एक पद्धत मला खूप उशिरा वाचायला मिळाली. लॅटिन अमेरिकेतले लोकसंख्याशास्त्रज्ञ होर्हे सोमोझा यांनी गेल्या शतकात ती मांडली. पद्धत अगदी साधी आहे. जनगणनेत बाईला विचारायचं: तुमची हयात मुलं किती, आणि त्यातली किती परदेशात राहतात. बस, एवढंच. घर बंद झालं, माणूस निघून गेला, त्या देशाने मोजलं की नाही माहीत नाही, पण त्याची आई इथे असेल तर तिला ठाऊक असतं. या पद्धतीतली त्रुटीही तिथेच सांगितली आहे. आईही गेलेली असेल, किंवा मुलाबरोबर निघून गेली असेल, तर तो मुलगा सापडत नाही. हिशेबात त्यासाठी दुरुस्ती करावी लागते. ते वाचताना मी स्वयंपाकघरात उभी होते, मोबाइल ओट्यावर टेकवलेला, आणि कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते चुकले.

कारण आमच्या अनुसूचीत अर्धा प्रश्न होताच. जन्मस्थान, आधीचं ठिकाण, कारण, किती वर्षं झाली, हे सगळं संपलं की लग्न झालेल्या बायकांसाठी शेवटचे प्रश्न यायचे. जन्मलेली मुले किती. हयात मुले किती. इथे मात्र ती कुठे राहतात ते बघायचं नाही. घरात असोत, सासरी असोत, परदेशात असोत, आईची जिवंत मुलं सगळी धरायची. अम्मांनी सांगितलं होतं, जन्मलेली चार. एक छावणीसारख्या त्या सुरुवातीच्या दिवसांत तापाने गेलं, सहा महिन्यांचं. हयात तीन. मी चौकटींत आकडे घातले, त्यांची सही घेतली. त्या सिंधीत सही करायच्या, उजवीकडून डावीकडे, अरबी वळणाच्या लिपीत, सावकाश, शाळेतल्या मुलीसारखी जीभ दातांत धरून. आणि मी उठले. थोरला मुलगा कागदावर आलेला आहे हे मला त्या वेळी सुचलंच नाही. सुचलं रात्री, जेवणाच्या टेबलावर गोषवाऱ्यासाठी बेरजा करताना. तीन. धाकटा इथला, मुलगी अहमदाबादची, आणि तिसरा?

मार्चच्या १ ते ५ तारखांना पुनर्भेट असायची. मधल्या दिवसांत कुणी जन्मलं, कुणी वारलं का, एवढंच विचारून यायचं. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी मी त्या बॅरॅकमध्ये गेले. अम्मा दारातच स्टुलावर बसून मेथी निवडत होत्या. जन्म नाही, मृत्यू नाही. मी निघायचं सोडून पॅडवरचा त्यांचा कागद काढला आणि म्हटलं, अम्मा, त्या दिवशी तुम्ही म्हणालात ना, तुमच्या मुलाला मी लिहिलं नाही. लिहिलंय. नाव नाही, पण तो आहे. हे बघा, हयात मुलं, तीन. यात तो धरलेला आहे.

त्यांनी मेथीचा हात पदराला पुसला, चष्मा चढवला आणि कागद डोळ्यांजवळ नेला. छापलेली मराठी त्यांना वाचता येत नव्हती, आकडा येत होता. त्यावर बोट ठेवलं. बोटाला मातीचा आणि मेथीचा हिरवट वास येत होता. बराच वेळ त्या बघत राहिल्या.

"इस तीन में वो कौनसा?"

मला पुन्हा उत्तर सुचेना. मशीन वाचणार म्हणून चौकटीत नीट बसवलेला एक आकडा होता तो. मग मी विचारलं, "सबसे बड़ा कौन है?"

"वोही तो."

"तो पहला वो."

त्यांनी मान डोलावली. मग आत वळून सुनेला हाक मारली आणि म्हणाल्या, टीचर आई है, पापड ला.